पूजेइतकंच रोज करायचं: समोरच्याशी सरळ वागणं

हरिपाठ होतो, एकादशी होते, पण समोरच्या माणसाशी आपण नीट वागलो का हे कोणी बघत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता, कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला, आणि त्याच खिडकीशेजारी देव्हारा. कित्येक वर्षं मला त्यात काही वाटलंच नाही. ज्या दिवशी वाटलं तेव्हापासून जे करत आलेय ते सांगते.

आधी एकच ओळ धरा, अख्खी गाथा नको. तुकोबांची 'कोणाही जिवाचा न घडो मत्सर, वर्म सर्वेश्वरपूजनाचें' घ्या, म्हणजे बघा ना, पूजेचं वर्मच ते सांगतायत. किंवा गीतेच्या सहाव्या अध्यायातलं 'आत्मौपम्येन', समोरच्याचं सुखदुःख आपल्यावरून ओळखायचं. दिवा लावताना ती ओळ सावकाश म्हणा आणि आज ज्याच्याशी काम पडणारे असा एक माणूस डोळ्यासमोर आणा.

मग पैशाचं बघा, कारण खरी परीक्षा तिथेच होते. मावशींचा पगार १ तारखेला म्हणजे १ तारखेलाच, आजारपणाच्या सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत (आपले ऑफिसात कापले तर किती लागतं जिवाला), आणि मॉलमध्ये लिहिलेली किंमत निमूट देतो तर कोथिंबिरीच्या जुडीवर ५ रुपयांसाठी भाजीवालीशी हुज्जत कशाला? 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे' हे कमावताना जसं लागू, तसंच देतानाही.

बोलण्याचं वारीत शिकायला मिळतं. तिथे दोघंही एकमेकांच्या पाया पडतात, माऊली म्हणतात, वय नाही जात नाही. घरी आल्यावर मात्र रिक्षावाल्याला, वॉचमनला अरेतुरे सुरू. तेवढं बंद केलं तरी खूप फरक पडतो, करून बघा.

आणि नुसतं म्हणून भागत नाही हो. चोखोबांचे अभंग आपण गातो पण त्यांची समाधी पंढरपुरात देवळाच्या बाहेर, महाद्वारापाशी, आणि ते गेल्यावर सहाशे वर्षांनी, १९४७ साली, दलितांना विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून सानेगुरुजींना उपोषणाला बसावं लागलं! एवढी वर्षं भजनं चालूच होती ना.

सरळ वागायचं म्हणजे सगळं ऐकून घ्यायचं असं नाही. काम नीट झालं नाही तर सांगा, फक्त साहेबाला ज्या आवाजात सांगाल त्याच आवाजात.

रात्री झोपताना दोन मिनिटं आठवा, आज कोणाशी बोलताना आवाज बदलला. चूक झाली असेल तर देवापुढे कान धरून भागणार नाही, त्या माणसाकडे जायचं, आणि चारचौघांत ओरडला असाल तर माफीही चारचौघांतच मागायची.