मारी क्यूरी पोस्टडॉकचा अर्ज: आधी आतली तारीख विचारा

मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी पोस्टडॉक्टोरल फेलोशिप, म्हणजे पीएचडीनंतर परदेशी संशोधनासाठी युरोपियन युनियन देतं ती, तिच्या अर्जाची मुदत सप्टेंबरमध्ये संपते, म्हणून बरेच जण जुलैत जागे होतात. २०२४ ला ती ११ सप्टेंबर होती, २०२५ ला १० सप्टेंबर. वेळ ब्रसेल्सची संध्याकाळी पाचची, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. ही तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते आणि तिचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. तुमची खरी तारीख असते तुम्हाला घेणाऱ्या विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाकडे. ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत सुपरवायझर शोधायला लागा. सीव्ही, एका पानात कल्पना, नेमकं याच गटात का यायचंय याची चार वाक्यं. हे सगळ्यांना माहीत आहे. पण समोरून बरं उत्तर आलं की लगेच, त्याच दिवशी, पुढचा प्रश्न विचारा: तुमच्या विद्यापीठाची आतली मुदत कोणती, आणि त्याआधी काही नोंदणी करावी लागते का? अनेक विद्यापीठं वसंतातच इच्छुकांची नावं मागवतात. काही ठिकाणी आलेल्यांतून चाळणी लावतात आणि निवडलेल्यांनाच पुढे जाऊ देतात. माझ्या बाबतीत प्राध्यापकांचा होकार जूनमध्ये आला, कार्यालयाची नोंदणी मेमध्येच संपली होती. प्राध्यापकांनाही ते ठाऊक नव्हतं. दोघंही एकमेकांना छान छान मेल पाठवत बसलो होतो.

प्राध्यापकाचा होकार म्हणजे विद्यापीठाचा होकार नव्हे. आपल्याकडे फेलोशिपचा अर्ज आपण भरतो, गाइडची सही घेतो आणि पाठवतो. त्यामुळे हे डोक्यात शिरायला वेळ लागतो. इथे अनुदान मिळतं विद्यापीठाला आणि विद्यापीठ तुम्हाला नोकरीवर ठेवतं. युरोपियन युनियनच्या अर्जाच्या पोर्टलवर मुख्य संपर्क म्हणून नाव असतं सुपरवायझरचं. तुम्ही त्या अर्जातले संशोधक. तेव्हा अर्ज पोर्टलवर उघडणार कोण, संस्थेचा पीआयसी, म्हणजे पोर्टलवरचा नऊ अंकी ओळखक्रमांक, कोणता घ्यायचा, शेवटचं बटण कोण दाबणार, हे तिघांनी, म्हणजे तुम्ही, सुपरवायझर आणि कार्यालयाने, एकाच मेलमध्ये ठरवून टाका. पीआयसीचं खास विचारा. विद्यापीठ आणि त्याचं रुग्णालय किंवा संलग्न संस्था यांचे क्रमांक वेगळे असू शकतात. आणि हो, आतली तारीख. ती लेखी मागा.

पात्रता तुम्ही तपासली असेलच, तरी पुन्हा तपासा. मुदतीपर्यंत पीएचडी झालेली हवी. त्यानंतरचा संशोधनाचा काळ २०२५ च्या नियमांत आठ वर्षांपेक्षा जास्त चालत नव्हता. व्हायवा झालाय पण पदवी अजून हातात नाही, अशा अवस्थेत असाल तर त्या वर्षीचा नियम शब्दन् शब्द वाचा, मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. दुसरी अट स्थलांतराची: मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. म्हणजे दीड वर्ष जर्मनीत असाल तर जर्मनी गेली, नेदरलँड्स शिल्लक आहे. पार्ट ए मध्ये, म्हणजे पोर्टलवरच भरायच्या फॉर्ममध्ये, मागच्या पाच वर्षांत कुठे होतात याचा तक्ता भरायचा असतो, तारखांसकट, सर्वांत अलीकडचं आधी. त्यात फट ठेवायची नाही. पीएचडी सादर केली आणि पोस्टडॉक मिळेपर्यंत सहा महिने घरी होतात, तर ते सहा महिनेही लिहायचे. पासपोर्ट आणि जुनी नियुक्तिपत्रं जवळ घेऊन बसा. हे काम आठवणीवर होत नाही.

आता बी-१, म्हणजे संशोधन प्रस्तावाचा खरा मजकूर, जो फाइल म्हणून चढवायचा. दहा पानं, एकही जास्त नाही. त्यापुढची जादा पानं परीक्षकांना दिसतच नाहीत. अक्षर ११ पॉइंटचं, समास १५ मिलिमीटर. गुणांची वाटणी अशी: उत्कृष्टतेला ५० टक्के, परिणामाला ३०, अंमलबजावणीला २०. आपले लोक काय करतात, तर सात पानं विज्ञान लिहितात आणि उरलेल्या तीनमध्ये बाकीचं कोंबतात. मग परिणामाच्या भागात ‘समाजाला लाभ होईल’ छापाची वाक्यं येतात. तिथे विचारलेलं असतं की या दोन वर्षांनी तुमचं करिअर कुठे जाईल, निष्कर्ष कोणापर्यंत कसे पोचतील, आणि त्यांचा वापर कोण करील. तज्ज्ञांपर्यंत पोचणं वेगळं आणि सामान्य माणसांपर्यंत पोचणं वेगळं. दोन्ही एकाच परिच्छेदात घुसडलं की गुण जातात. लिंगभावाचा मुद्दा विषयाला लागू नसेल तर का नाही ते एका वाक्यात लिहा, पण गाळू नका. प्रशिक्षण दोन्ही बाजूंचं हवं: तुम्ही काय शिकणार आणि त्या गटाला काय देणार. दुसरी बाजू लिहिताना आपल्याला उगाच संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरची आरती इथे नको, काम काय केलं ते सांगा. एमएससीए-नेट, म्हणजे या फेलोशिपबद्दल सल्ला देणाऱ्या देशोदेशींच्या संपर्क केंद्रांचं जाळं, त्यांची हँडबुक दरवर्षी निघते, फुकट मिळते आणि साच्यातल्या प्रत्येक उपशीर्षकाखाली काय अपेक्षित आहे ते सांगते. ती न वाचता लिहायला बसणाऱ्याला मी मदत करत नाही.

अर्ज तपासणारी विषयवार पॅनेल आठ आहेत, त्यातलं एक तुम्हाला निवडायचं असतं. विषय दोन पॅनेलांच्या सीमेवर असेल तर सुपरवायझरला विचारा. कीवर्डही जपून निवडा, कारण परीक्षक त्यावरून ठरतात.

ऑगस्टबद्दल वेगळं सांगायला हवं. युरोप ऑगस्टमध्ये सुट्टीवर जातो. तुमचा सुपरवायझर डोंगरात असतो, कार्यालयातून स्वयंचलित उत्तर येतं. आणि नेमके तेव्हाच किंवा त्यानंतर लगेच आपल्याकडे गणपती. २०२५ ला ते २७ ऑगस्टला बसले, म्हणजे शेवटचे पंधरा दिवस घरात आरत्या, पाहुणे आणि अर्जातला गँट चार्ट, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाचा तक्ता, सगळं एकत्र. त्यामुळे पूर्ण मसुदा जुलैअखेर सुपरवायझरकडे गेला पाहिजे. आतली तारीख बहुतेक त्याच सुमारास किंवा ऑगस्टअखेरीस असते. विचारली ना? परत विचारा, बदलली असेल तर.

पोर्तुगाल, पोलंड, ग्रीस, चेकिया, एस्टोनिया असल्या ‘वायडनिंग’ देशांत, म्हणजे संशोधनात मागे म्हणून युरोपियन युनियन ज्यांना वेगळी मदत करतं त्यांत, जाणार असाल तर ईआरए फेलोशिपचा दुसरा दरवाजाही असतो; त्यासाठी हाच अर्ज धरतात. पार्ट ए मधला त्याबद्दलचा प्रश्न वाचून उत्तर द्या, सवयीने पुढे जाऊ नका.

आणखी एक. २०२५ च्या नियमांत ७० टक्क्यांच्या खाली गुण पडले तर पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठातून अर्ज करता येत नव्हता. या रेषा बदलतात, चालू वर्षाचं बघा. तेव्हा ‘यंदा नुसता टाकून बघू’ असं करू नका.

राहिलेलं पटापट. बी-२ या दुसऱ्या फाइलमध्ये सीव्ही, संस्थेची क्षमता, नैतिकतेचा भाग. पानांची मर्यादा नाही म्हणून वाहवत जाऊ नका. सेकंडमेंट, म्हणजे मधे काही काळ दुसऱ्या संस्थेत जाऊन काम करणं, फेलोशिपच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. व्हॅलिडेट दाबा: लाल चुका अर्ज अडवतात, नुसत्या सूचना अडवत नाहीत. आठवडाभर आधी एकदा सबमिट करून टाका. मुदतीपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचा धरतात. शेवटच्या दिवशी सुपरवायझर विमानात नाही ना, तेवढं बघा. मग पोर्टलवरून अर्ज उतरवून उघडा, बी-१ च्या जागी बी-२ चढलेला नाही याची खात्री करा, आणि पानं मोजा.