तळघर राहतं करताना या चुका टाळा

तळघरात खोली करायची म्हटलं की लोक आधी टाइल्स आणि दिवे निवडायला लागतात. वर्षानुवर्षं हे बघतोय आणि दर वेळी तेच सांगतोय: भिंत खरंच कोरडी आहे याची खात्री होईपर्यंत सुताराला बोलावू नका.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ओल झाकणं. ओळखीतल्या एका गृहस्थांना तळघरात मुलासाठी अभ्यासाची खोली हवी होती. भिंतीला खाली वीतभर लोणा लागलेला, हात लावला की पांढरी भुकटी बोटांना येत होती. "एक पावसाळा जाऊ द्या, पाणी कुठून येतं ते कळेल," असं मी म्हटलं. त्यांना घाई होती. लोणा खरवडला, आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले, वर लाकडी पट्ट्या ठोकून प्लायवूडचं पॅनेलिंग केलं. खोली देखणी झाली होती. पावसाळा निम्मा झाला तशी खोलीला कुबट वास यायला लागला, मुलाच्या शिंका थांबेनात. पॅनेल उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. प्लायवूडची मागची बाजू बुरशीनं काळी पडलेली, रंगाचे पोपडे सुटून खाली साठलेले, खिळे गंजलेले. बाहेर जाऊन पाहिलं तर गच्चीच्या पाण्याचा पाइप नेमका त्याच भिंतीच्या पायाशी सोडलेला. तो पाइप लांबवणं हे किरकोळ काम होतं. ते आधी झालं असतं तर बाकीचं सगळं वाचलं असतं.

आतून लावलेला रंग का टिकत नाही? बाहेरच्या मातीत पाणी साचलं की ते भिंतीला रेटतं. 1 मीटर खोल साचलेल्या पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 1 टन दाब असतो, आणि तो रंगाला मागून ढकलत राहतो. म्हणून मी नेहमी बाहेरूनच सुरुवात करतो. पन्हळी साफ करायच्या, पाइपाचं पाणी घरापासून लांब सोडायचं, जमिनीला बाहेरच्या दिशेनं उतार द्यायचा: पहिल्या 3 मीटरमध्ये निदान 15 सेंटिमीटर. एवढं करूनही पाणी आलं, तर बाहेरून खणून वॉटरप्रूफिंग करायचं, नाहीतर आत कडेनं चर काढून ते पाणी खड्ड्यात घ्यायचं आणि पंपानं बाहेर फेकायचं. हे काम खर्चिक आहे, पण याला आडवाट नाही.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ओळखायला प्लास्टिकचा 45 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या मागे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतून. फक्त कडक उन्हाळ्यात ही तपासणी करून "कोरडं आहे" म्हणू नका.

दुसरी चूक चांगल्या हेतूनं होते, म्हणून तिचं जास्त वाईट वाटतं. तळघर दमट वाटतं, म्हणून लोक पावसाळी दिवसांत खिडक्या सताड उघडतात. बाहेर 30 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेतलं पाणी 24 अंशांच्या आसपास सुटायला लागतं. तळघराच्या मातीलगतच्या भिंती याहून थंड असू शकतात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसं त्या भिंतींचं होतं. अशा दिवसांत खिडक्या बंद ठेवा आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र, चालवा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र खोलीत टांगा आणि आकडा 60 टक्क्यांच्या खाली ठेवा. डीह्युमिडिफायरच्या पाण्याची नळी थेट मोरीत सोडा. डबा रोज रिकामा करू म्हणणारे आठवड्यात विसरतात.

उष्णता अडवायला वापरतात ती ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, काँक्रीटच्या भिंतीला चिकटवून भरू नका, ती ओल धरून ठेवते. तिथे बंद छिद्रांच्या फोमचे पत्रे वापरा. साधं लाकूड थेट काँक्रीटवर टेकवू नका. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा तर मी तळघरात घालूच देत नाही. एकदा भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी धरते, आणि एवढा मोठा गालिचा इतक्यात वाळत नाही.

फॉल्स सीलिंग करताना व्हॉल्व्ह आणि पाइपांचे जोड कायमचे झाकू नका, तिथे उघडता येणारं झाकण ठेवा. संडास-बाथरूम करणार असाल तर बाहेरचं गटार तुंबल्यावर मैला उलटा आत येऊ नये म्हणून एकाच दिशेनं वाहू देणारा व्हॉल्व्ह आधीच बसवून घ्या.

गॅसबाबत मी कोणाशी तडजोड करत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो तळघरात जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीनं पेट घेतो. तिथे सिलिंडर नको, जनरेटर तर मुळीच नको, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळतही नाही.

आणि कोणी तिथे झोपणार असेल, तर जिन्याशिवाय बाहेर पडायची दुसरी वाट हवी: मोठ्या माणसाला निघता येईल एवढी, आतून किल्लीशिवाय उघडणारी खिडकी. पुष्कळ ठिकाणी नियमांत तळघरात राहायला परवानगीच नसते, किंवा उंचीची अट असते. हे स्थानिक कार्यालयात आधी विचारा आणि उंची मोजताना नव्या फरशीची आणि सीलिंगची जाडी वजा करून मोजा.