सोसायटीतल्या कुत्र्याला कोणी मारलं, विष घातलं तर पोलिसात तक्रार नेमकी कशी करायची

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पोलीस स्टेशनला जाऊन "साहेब, कुत्र्याला मारलं हो" एवढंच सांगितलं तर बहुतेक वेळा एनसी लिहून तुम्हाला घरी पाठवतात. आणि एनसी म्हणजे अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपासच करणार नाहीत. त्यामुळे सगळा खेळ कलमाचा आहे.

सगळ्यांना १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा माहीत असतो. त्याचं कलम ११ मारहाण, उपाशी ठेवणं, तासन्‌तास आखूड साखळीला बांधून ठेवणं, पाळलेलं जनावर रस्त्यावर सोडून देणं, सगळ्याला लागतं, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये!! वडापाव आणि चहात संपतात हो ५० रुपये. शिवाय या कायद्याखालची केस ३ महिन्यांच्या आत उभी राहावी लागते, म्हणजे "बघू नंतर" केलंत की गेलीच.

म्हणून जनावर मेलं असेल, विष घातलं असेल किंवा पाय मोडून, डोळा फोडून कायमचं अधू केलं असेल तर अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लिहाच. हे दखलपात्र आहे आणि ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी आयपीसीत (जुनी भारतीय दंड संहिता) ४२८-४२९ होतं, त्यात जनावराची किंमत १० रुपये की ५० रुपये असली भानगड होती, ती १ जुलै २०२४ पासून गेली. "मालक कोण याचा?" असं ठाण्यात विचारतीलच, तर शांतपणे सांगा की भटक्या कुत्र्यांच्या केसमध्येही याच कलमाखाली गुन्हे दाखल होतात.

आता पुरावा. जिवंत असेल तर आधी दवाखाना, मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, आणि डॉक्टरकडून जखमा कशाने झाल्या असाव्यात ते लेखी घ्या, नुसतं बिल नको. मेलं असेल तर पुरायची घाई अजिबात करू नका, लोक दयेपोटी लगेच खड्डा खणतात आणि केस तिथेच संपते. बर्फाच्या पिशव्या लावून गार ठेवा (डीप फ्रीझरमध्ये नको, गोठलं की तपासणी अवघड होते), पोलिसांकडून पंचनामा आणि पोस्टमॉर्टमसाठी पत्र मागा, आणि विषाचा संशय असेल तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) फॉरेन्सिक लॅबला पाठवा असं अर्जातच लिहून टाका. शेजारी पडलेला पावाचा किंवा मटणाचा तुकडा, ओकारी, जे असेल त्याचा फोटो काढा, उघड्या हाताने उचलू नका. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, सेक्रेटरीला त्याच दिवशी लेखी कळवा की जपून ठेवा, त्यावर पोहोच घ्या.

अर्ज साधाच लिहा. तारीख, वेळ, जागा, कोणी काय केलं, कोणी पाहिलं. "अमानुष", "काळजाला घरं पडली" वगैरे पाल्हाळ नको, ठाणे अंमलदाराला तेवढं वाचायला वेळ नसतो. दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्का घ्या. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. घेतच नसतील तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोस्टाने एसपींना, मुंबई-पुण्यात डीसीपींना पाठवायचा, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्ट, पण बऱ्याचदा १७३(४) चा उल्लेख केला की ठाण्यातच काम होतं असा माझा अनुभव.

मारहाण प्रत्यक्ष चालू असेल तर अर्ज-बिर्ज नंतर, आधी ११२ ला फोन. आणि घार, पोपट, घुबड असलं काही असेल तर ते वन्यजीव कायद्यात येतं, तिथे वनविभागाचा १९२६ नंबर लावा.