निवृत्तीनंतर दिवसाची घडी नव्याने कशी बसवावी

निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने बहुतेकांचे मजेत जातात. राहिलेली झोप, राहिलेले प्रवास, वर्षानुवर्षं टाळलेली घरातली दुरुस्ती. मग नव्याचे नऊ दिवस सरतात आणि घर खायला उठतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७०च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले, तेव्हा सुरुवातीच्या आनंदानंतर येणारा हा हिरमोड त्यांनी वेगळा टप्पा म्हणून नोंदवला. त्यामुळे तो वाट्याला आला म्हणून आपलंच काही चुकलं असं समजू नका. नोकरी पगारासोबत आणखी चार गोष्टी न मागता देत होती: उठायला कारण, बोलायला माणसं, कुणाचं तरी आपल्यावाचून अडेल असं काम आणि रात्री झोप लागेल इतका थकवा. या चारही एकदम बंद झालेल्या असतात. आता त्या एकेक करून जुळवायच्या.

सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करा. वेळ कोणतीही ठरवा, पण सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. उठल्यावर तासाभरात २०-३० मिनिटं बाहेर उजेडात जा, कारण शरीराचं घड्याळ मुख्यतः प्रकाशावर चालतं. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी आटपा. बहुतेकांची गाडी इथेच घसरते: दुपारी दीड तास झोप, म्हणून रात्री उशिरापर्यंत डोळा लागत नाही, म्हणून सकाळी उशीर, म्हणून फिरणं बुडतं, आणि आठवडाभरात सगळा दिवसच पुढे सरकलेला असतो.

मग एका कागदावर सात उभे रकाने आखा, आठवड्याच्या वारांचे. प्रत्येक रकान्यात तीनच चौकटी: सकाळी शरीरासाठी, दुपारी कामासाठी, संध्याकाळी माणसांसाठी. मधला वेळ मोकळा सोडा. तासातासाचं वेळापत्रक करू नका. ते आठवडाभरात मोडतं आणि मग उगाच अपराधी वाटत राहतं. चौकटीत नुसतं ‘व्यायाम’ किंवा ‘वाचन’ लिहून भागत नाही. ‘मंगळवार, साडेसहा, शेजाऱ्यांबरोबर ३० मिनिटं चालणं’ असं वेळ, जागा आणि माणसासकट लिहा. एकूण २१ चौकटींपैकी निदान सहांमध्ये दुसऱ्या कुणाचं तरी नाव असावं. आणि त्यातल्या निदान दोन अशा असाव्यात, की तुम्ही गेला नाहीत तर समोरच्याचं काम खोळंबेल.

आमच्या मते या दोन चौकटी सगळ्यांत मोलाच्या. छंद कितीही आवडता असला तरी तो उद्यावर ढकलता येतो. वाट पाहणाऱ्या माणसाला ढकलता येत नाही. अशी चौकट मिळवताना नेहमी होणारी चूक म्हणजे ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणून ठेवणं. असं म्हटल्यावर कुणीच काही सांगत नाही. त्याऐवजी वार, वेळ आणि काम नेमकं सांगा: ‘बुधवारी चार ते पाच मी मोकळा आहे. मुलीचं गणित घेऊ का?’ वाचनालयात पुस्तकं लावणं, इमारतीचे हिशेब पाहणं, एखाद्या एकट्या माणसाला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन जाणं, हेही तितकंच चांगलं. सुरुवातीला आठवड्यातून एक दिवस, दोन तास आणि सहा आठवड्यांपुरतंच कबूल करा. नाही जमलं, तर मुदत संपल्यावर कुणाला न दुखावता थांबता येतं. संस्थेत गेलात तर पहिले दोन महिने, कुणी विचारल्याशिवाय, सुधारणा सुचवू नका. अनुभवी माणसं तिथे नकोशी होतात ती बहुधा याच कारणाने. नातवंडांना सांभाळायचं असेल, तर तेही वार आणि तास ठरवूनच. नाहीतर आवडीचं काम नकळत ओझं होतं.

शरीराच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, आणि ६५ नंतर निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. ताकदीसाठी भिंतीला टेकलेल्या खुर्चीतून, हात छातीवर बांधून, आठ-दहा वेळा उठा-बसा. जरा थांबून पुन्हा तेवढंच. तोलासाठी ओट्याला हात लावून प्रत्येक पायावर दहा सेकंद उभं राहा. हृदयाचा त्रास असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

कानही तपासून घ्या. गप्पांमधले शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून कितीतरी माणसं हळूहळू बैठकीला जायची थांबतात आणि घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला.

घरात जोडीदार असेल, तर त्याचा किंवा तिचा दिवस आधीच बसलेला असतो, हे विसरू नका. दोघांनी बसून तीन गोष्टी ठरवा: कुणाला कोणते दोन तास एकांत हवा, कोणतं काम कुणी पूर्णपणे घ्यायचं, आणि दिवसातला कोणता वेळ दोघांचा. ‘मदत करतो’ म्हणू नका. एक अख्खं काम घ्या, त्याच्या तयारीपासून आवराआवरीपर्यंत. स्वयंपाकघरातले डबे मात्र आपल्या पद्धतीने लावायला जाऊ नका!

आवडीच्या गोष्टी रोज करू नका, थोडं अंतर ठेवा. रोज मिळणाऱ्या सुखाची मनाला लवकर सवय होते आणि ते जाणवेनासं होतं. आठवड्यातून एकदा चांगल्या वाटलेल्या तीन गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे ती का चांगली वाटली तेही. खरा उपयोग या ‘का’चा आहे, कारण पुढच्या महिन्याचा कागद भरताना तोच हाताशी येतो. जी चौकट सलग तीन आठवडे रिकामी राहिली, ती खोडून तिथे दुसरं काही लिहा.

एवढं करूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोजच उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक किंवा झोप बदलली असेल, तर ते वयावर ढकलू नका. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ची कमतरता किंवा चालू असलेलं एखादं औषधही याला कारण असू शकतं, आणि नैराश्यावर या वयातही उपचार लागू पडतात. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या औषधांची यादी सोबत न्या.