ठेका कामगाराचा पगार कापला जातोय: युनियन प्रतिनिधीनं केस कशी बांधायची

कोळसा खाणीतल्या ठेका कामगाराला एचपीसी दरानं, म्हणजे कोल इंडियाच्या उच्चाधिकार समितीनं ठरवलेल्या दरानं, पगार मिळायला हवा. वणी-घुग्घुस पट्ट्यात काय, कुठंही काय, बँकेत रक्कम पूर्ण जमा झालेली दिसते. पण एटीएम कार्ड ठेकेदाराच्या मुनशीजवळ असेल तर तोच पैसे काढतो आणि कामगाराच्या हातावर कमी टेकवतो. त्यामुळे नुसता ‘पगार कमी देतात’ असा अर्ज दिला, तर ठेकेदार बँकेचा उतारा दाखवून मोकळा होतो.

आधी दहा-बारा जणांची पासबुकं छापून घ्या, मागच्या सहा महिन्यांची. एका कागदावर मांडा: पगार कधी जमा झाला, किती, कधी निघाला, कुठल्या एटीएममधून. सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी एकाच मशीनमधून निघालेले दिसले, तर हा कागद दहा भाषणांपेक्षा भारी. खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडलाय तेही शाखेत विचारा. मग नंबर बदला, जुनं कार्ड बंद करा, पण सगळ्यांनी एकाच दिवशी. एकट्यानं केलं की त्याचाच गेटपास अडवतात.

अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल हे चार दर आहेत. पंप चालवणाऱ्याला पावतीवर अकुशल दाखवलंय का ते तपासा. रोजची पाळी, तास आणि मशीन नंबर वहीत लिहायला लावा. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो आणि तो वहीशिवाय सिद्ध होत नाही. सीएमपीएफचे, म्हणजे कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचे, १२ टक्के कापले असतील तर तेवढेच मालकानं भरलेत का, तेही बघा. ठेक्याचा कार्यादेश (वर्क ऑर्डर) माहिती अधिकारात मागा: १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर.

मागणीपत्र सभेत कामगारांच्या तोंडून येऊ द्या. छत्तीसगडमधल्या दल्ली राजहऱ्याच्या लोहखाणीत १९७७ मध्ये कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली ठेका कामगार उभे राहिले, तेव्हा पावसाळ्याआधी झोपडी दुरुस्तीचा भत्ता हीसुद्धा मागणी होती.

पत्र ठेकेदाराला आणि खाण व्यवस्थापनाला द्या, पोच घ्या. ठेकेदारानं दिलं नाही तर पैसे द्यायची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे खाण कंपनीवर येते. त्यानंतर चंद्रपूरच्या केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे जा. राज्याच्या कामगार कार्यालयात गेलात तर महिने वाया जातील, कारण कोळसा खाणी केंद्राच्या अखत्यारीत आहेत.

आयुक्तांकडच्या बैठकीचं इतिवृत्त सही करण्याआधी मोठ्यानं वाचून घ्या. ‘लवकरच थकबाकी देऊ’ असं लिहिलं असेल तर सही नको. नावनिहाय रक्कम आणि देण्याची तारीख लिहून घ्या.