ट्रायथलॉन झाल्यावरच्या चुका: या टाळा

ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकामागोमाग असलेल्या शर्यतीची, तयारी कशी करायची हे सांगणाऱ्यांचा आमच्या भागात आता तोटा राहिलेला नाही. पहाटे जळगावच्या मेहरूण तलावावर जा, चार जण चार वेगळे प्लॅन सांगतील, तेही न विचारता. शर्यत संपल्यावर काय करायचं नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि माझ्या पाहण्यात तरी पोरं तयारीत कमी मोडतात, शर्यतीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत जास्त मोडतात.

गोव्यात 2019 साली आयर्नमॅन 70.3 सुरू झाली, तेव्हापासून आमच्या ग्रुपमधून कोणी ना कोणी जातंच. 70.3 म्हणजे अर्धं अंतर: 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 पळणं. पूर्ण अंतर याच्या दुप्पट, त्याला साधारण 17 तासांची मुदत. अर्धं असो की पूर्ण, नंतरच्या चुका त्याच. पूर्णवाल्यांना त्या महाग पडतात, एवढाच फरक.

फिनिश लाइनवरची गोळी

मेडल गळ्यात पडलं की लगेच कोणीतरी खिशातून पेनकिलरची पट्टी काढतो आणि प्रसाद वाटावा तशी वाटतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. शर्यत संपते तेव्हा अंगातलं पाणी आधीच आटलेलं असतं, स्नायूंची मोडतोड होऊन त्यातला ऐवज रक्तात उतरलेला असतो आणि तो गाळायचं काम त्याच मूत्रपिंडावर पडलेलं असतं. अशा वेळी ही गोळी घेणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. माझ्यापुरता नियम सोपा आहे. पोटात अन्न गेल्याशिवाय आणि लघवी फिकट, नीट होऊ लागल्याशिवाय गोळी नाही. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होत असेल तर वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना शर्यतीचं आवर्जून सांगायचं.

दुसरे बहाद्दर पाणी पीत सुटतात. बाटलीमागून बाटली, नुसतं साधं पाणी. त्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं ठणकणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी रुतणं, माणूस असंबद्ध बोलायला लागणं, ही पाणी कमी पडल्याची नाही तर जास्त झाल्याची लक्षणंही असू शकतात. तहानेपुरतं प्या, बरोबर काहीतरी खारट खा. असंबद्ध बोलणाऱ्याच्या तोंडाला आणखी बाटली लावू नका, त्याला मेडिकल तंबूत न्या.

परतीला गोवा एक्स्प्रेस असेल तर भुसावळ येईपर्यंत वरच्या बर्थवर पडून राहू नका. मधूनमधून उठा, डब्यात फेरी मारा. घरी आल्यावर एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागली, तर ती चोळू नका. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

तालमीतल्या वस्तादाकडून पहिल्याच दिवशी पोटऱ्या तुडवून घेणं: नको. हलका हात फिरवला तर चालेल, तोही दोन दिवसांनी.

सत्कार

हा आजार आपल्याकडचा. गाडी स्टेशनात शिरायच्या आधी चौकात फ्लेक्स लागलेला असतो. मग ढोल, उघडी जीप, शाल, नारळ आणि तीन तास उभं राहून ऐकायची भाषणं. ज्या पायांना जिना उतरता येत नाही त्यांच्यावर ही परेड. रात्री शेवभाजीची पार्टी, लाल तर्री बोटभर. इतके तास रक्त हातापायांकडे धावत होतं, पोटाच्या वाट्याला फार थोडं आलं, आतडी अजून नाराज असतात. पहिले दोन दिवस वरण-भात, दही, केळी. तिसऱ्या दिवशी वरण-बट्टी घ्या, वर तूप सोडा, मनसोक्त खा. डाळ आहे, गहू आहे, आणखी काय पाहिजे? भरीत आणि कळण्याची भाकरी तर मी औषध म्हणून खातो. महागड्या रिकव्हरी पावडरी विकणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण बट्टी सोडून बरं झालेलं एकही पोरगं मी बघितलेलं नाही.

सत्कार घ्यायचाच असेल तर पुढच्या आठवड्यात घ्या, आणि खुर्ची मागा. गर्दीत हस्तांदोलनं करून तिसऱ्या दिवशी घसा धरला असं सांगणारे दरवर्षी भेटतात.

शेतकऱ्याच्या घरच्या पोरांची आणखी एक अडचण, तिचा विचार कुठल्याच प्लॅनमध्ये नसतो. ही शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि तेव्हाच कापूस फुटलेला असतो. बाप महिनोन्‌महिने गप्प बसलेला असतो, तो सोमवारी म्हणतो, "व्हयनं ना तुनं पयनं? आते कपाशी येचाले चाल." (झालं ना तुझं पळणं? आता कपाशी वेचायला चल.) त्याचंही चूक नाही. पण दिवसभर कमरेत वाकून वेचणी म्हणजे विश्रांती नव्हे. वजनकाट्यापाशी बसा, वजनं लिहा, मजुरांचा हिशोब सांभाळा. घरच्यांशी हे बोलणं शर्यतीच्या आधीच करून ठेवा, नंतर ते निमित्त वाटतं.

"आते काहीच दुखत नही ना भो"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

धुळ्याचा एक पोरगा, नाव नको. गोव्याची शर्यत मुदतीत पूर्ण केली. सोमवारी-मंगळवारी कठडा धरून जिना उलटा उतरत होता. बुधवारी सरळ उतरायला लागला. शुक्रवारी दुखणं गायब. मला फोन, "आते काहीच दुखत नही ना भो, मी एकदम चांगला शे." मी म्हटलं, चाल, पोह, पण पळू नकोस. रविवारी सकाळी साहेब ग्रुपबरोबर लळिंग घाटात. वर चढला तोवर ठीक होतं, पण उतारावर पोरांशी चढाओढ लावली. घड्याळाने फिटनेस वाढल्याचं दाखवलं म्हणे. घड्याळाला हाड नसतं.

पुढच्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला बारीक ठणका सुरू झाला. बाम चोळला, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि पळत राहिला. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. त्याला तेवढंच हवं होतं, पुन्हा पळाला. शेवटी रात्री झोपेतही पाय ठणकायला लागला तेव्हा एमआरआय झाला आणि हाडाला बारीक तडा निघाला. दोन महिने बुटासारखा पट्टा आणि काठी. ग्रुपच्या पोरांची भरीत पार्टी त्याने शेतात खाटेवर बसून बघितली.

आता यातलं समजून घ्यायचं ते असं. स्नायूंचं दुखणं एक ते तीन दिवसांत टोकाला जातं आणि आठवड्याभरात विरतं. स्नायूबंध आणि हाडं एवढ्या घाईत नसतात. ताण पडलेल्या हाडात शरीर आधी जुना भाग काढून टाकतं, नवा भरायला त्याहून जास्त वेळ घेतं. म्हणजे मधल्या काही आठवड्यांत हाड शर्यतीच्या आधीपेक्षाही कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच स्नायू मोकळे झाल्यामुळे तुम्हाला उड्या माराव्याशा वाटतात. ज्या जागेची तक्रार सगळ्यात आधी थांबते, तिच्यावरून बाकीच्यांची तब्येत ठरवू नका. आणि सुरुवातीचा एक्स-रे साफ आला म्हणजे तडा नाही, असंही नसतं. बारीक तडा त्यात बऱ्याचदा दिसतच नाही.

नडगी दुखत असेल तर बोटाने दाबत खालपर्यंत या. वीतभर पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर बहुधा स्नायूंच्या बाजूची कटकट, विश्रांतीने जाते. एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत बोट ठेवताच जीव जात असेल, तर पळणं त्याच क्षणी बंद करून हाडाच्या डॉक्टरांकडे जा. एका पायावर उडी मारून बघण्याची मर्दुमकी नको.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, शास्त्र म्हणून नाही, सवय म्हणून. पहिला आठवडा फक्त चालणं, सकाळ-संध्याकाळ, तेही गप्पा मारत. घासलेल्या जखमा सुकल्या की हलकं पोहणं. दुसऱ्या आठवड्यात सपाट रस्त्यावर सायकल, लहान गिअर, घाम येईल न येईल इतकी. घाटाकडे बघायचंही नाही. पळणं सगळ्यात शेवटी, अर्ध्या अंतरानंतर तिसऱ्या आठवड्यात, पूर्ण अंतरानंतर महिना उलटल्यावर, आणि सुरुवात मातीच्या पायवाटेवर. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजतो. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील तर त्या दिवशी बुटांना हात लावत नाही. यावर "पण फिटनेस जाईल ना?" असं विचारणारे असतात. वर्षभराची कमाई तीन आठवड्यांत जात नाही. जात असेल तर ती मुळात कमावलेलीच नव्हती.

चुकीच्या जागी चूक शोधणं

त्या पोराला पळायची एवढी घाई का होती, हे तो घरी काठी टेकून बसलेला असताना कळलं. शर्यतीत शेवटचे नऊ किलोमीटर तो चालत गेला होता. त्याने निष्कर्ष काढला होता: आपलं पळणं कच्चं. म्हणून पळणं वाढवायचं, तेही आजच्या आज.

मी त्याची सायकलची नोंद उघडायला लावली. पहिल्या तीस किलोमीटरमध्ये त्याच्या हृदयाचे ठोके असे, की जणू 90 किलोमीटर नव्हे, दहा किलोमीटरची शर्यत चालली आहे. पुढे वेग उतरत गेलेला. मग विचारलं, खाल्लं काय? साडेतीन तासांत दोन जेल (चोखून खायच्या दाट गोड रसाच्या पुड्या) आणि अर्धी बाटली सरबत. बाकीचे जेल खिशातून तसेच घरी आले होते. एवढ्या लांबच्या शर्यतीत तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात, पोटाला सवय असेल तर 90 पर्यंत पचतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम. याने सगळ्या सायकलवर मिळून तासाभराचंही नीट खाल्लं नव्हतं. केळीच्या मुलखातला माणूस उपाशी राहून बसला आणि दोष दिला पायांना!

पळण्यात मेलेला माणूस बहुतेक वेळा सायकलवर मेलेला असतो, प्रेत फक्त पळताना सापडतं. पण सायकल मजेत झाली म्हणून तिच्यावर कोणी संशय घेत नाही.

यासाठी शर्यतीची नोंद त्याच रात्री किंवा परतीच्या गाडीत लिहा. मोबाइलवर नको, वहीत. पाण्यात उतरल्यापासून ओळीने: किती वाजता काय झालं, काय खाल्लं, काय प्यालो, कुठे काय दुखलं, मनात काय आलं. का झालं ते लिहायचं नाही, ते तीन आठवड्यांनी, समोरचं पान कोरं सोडून. कारण चार सत्कारांत तीच गोष्ट सांगितली की ती गोष्ट पक्की होते आणि त्यात तुम्ही शूर असता. पहिल्या दोन-तीनशे मीटरला समुद्रात छाती भरून आली होती, दोरी धरून थांबलो होतो, हे तिसऱ्या भाषणापर्यंत गळून पडतं. आमचा सराव हतनूर-वाघूर धरणांच्या थोपलेल्या पाण्यात होतो, तिथे भरतीच्या लाटेची ओळख होत नाही. ते लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वर्षी तीच दोरी, तोच माणूस.

बरोबर आलेल्याला पण विचारा. तुम्ही ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहणं-सायकल-पळणं यांच्या मधल्या बदलाच्या जागेत, किती वेळ नुसते बसून होतात, हे बायकोला बरोब्बर आठवत असतं.

रात्री अकराची नोंदणी

दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला एक पोकळी येते. अलार्म नाही, प्लॅन नाही, फ्लेक्स उतरलेला, कोणी विचारत नाही. चिडचिड होते, झोप लागत नाही. हे येतंच, बहुतेकांना येतं, आणि बहुतेकांचं आपोआप जातं. त्यावर उतारा म्हणून रात्री अकरा वाजता पुढच्या शर्यतीची फी भरू नका. मी ग्रुपला सांगून ठेवलंय, वहीतलं कोरं पान भरल्याशिवाय कोणी कार्ड बाहेर काढायचं नाही. हसतात. मग फी परत मिळेल का, असं विचारायला येतात. महिनाभर होऊनही मन उठत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर मात्र शर्यत बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोला.

उरलेल्या किरकोळ गोष्टी. काळं पडलेलं नख उपटू नका, ते स्वतः पडतं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर असेल तर हँडलवर मनगट दाबलं गेलंय, बहुधा काही आठवड्यांत जातं. पकड सैल वाटली तर दाखवा. सीटच्या जखमेवर घट्ट जीन्स नको.

आणि सायकल. ती पॅकिंगमध्ये तशीच महिनाभर ठेवणाऱ्यांची मला खरोखर चीड आहे. खारी हवा आणि तुमचा घाम, दोन्ही चेनला खातात. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्याने पुसा, चेन कोरडी करून तेल द्या, मागचा डेरेल्यर (गिअर बदलणारा भाग) बसच्या डिकीत वाकला नाही ना ते बघा. बाटल्यांमध्ये सरबत तसंच राहिलं असेल तर आतून काळी बुरशी धरलेली असेल. गरम पाणी, खायचा सोडा, रात्रभर. त्यानेही वास गेला नाही तर बाटली टाकून द्या, नवी तीनशे रुपयांना मिळते.