ग्रहविज्ञानातल्या संधी हातून निसटतात कुठे? या चुका टाळा

प्रस्ताव फेटाळला गेला की पहिला विचार येतो तो आपली कल्पनाच कमी पडली असावी, हा. कधीकधी तसं असतंही. पण ग्रहविज्ञानातले कितीतरी अर्ज परीक्षकांच्या हातात पडायच्या आधीच गळतात. पानांची मर्यादा ओलांडली, संस्थेची मंजुरी राहिली, दुर्बिणीला तो ग्रह दिसतच नाही अशा काळातलं निरीक्षण मागितलं. ही गळती थांबवायला प्रतिभा लागत नाही. घोषणापत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा कंटाळा सोडावा लागतो, एवढंच.

मुदत नेमकी कुणाच्या घड्याळातली?

सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात महागडी चूक ही. नासाच्या संशोधन अनुदानांची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार असते. टेक्ससमध्ये दर मार्चला भरणाऱ्या चंद्र आणि ग्रहविज्ञान परिषदेची, म्हणजे एलपीएससीची मुदत मध्य अमेरिकेच्या वेळेनुसार. युरोपची मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप ब्रुसेल्सच्या संध्याकाळी ५ वाजता बंद होते. मध्यरात्री नव्हे, ५ वाजता! ‘आज रात्रीपर्यंत वेळ आहे’ असं समजून निवांत बसलेल्यांची गाडी इथेच सुटते.

त्यात उन्हाळी वेळेचा घोळ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोघांतलं नेहमीचं अंतर एका तासाने बदलतं. म्हणून मुदत कळली की ती आधी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहून ठेवा आणि मग स्वतःच्या घड्याळात आणा. ‘नेहमी इतक्या तासांचा फरक असतो’ या आठवणीवर विसंबू नका.

तारखाही बदलतात. नासाची संशोधन अनुदानांसाठीची रोझेस ही वार्षिक घोषणा वर्षभर दुरुस्त होत राहते. मुदत पुढे जाते, एखादा कार्यक्रम त्या वर्षापुरता रद्द होतो, नवा जोडला जातो. चार महिन्यांपूर्वी उतरवून घेतलेली पीडीएफ उशाशी घेऊन प्रस्ताव लिहिणं धोक्याचं. पाठवायच्या आठवड्यात मूळ पानावर जाऊन दुरुस्त्यांची यादी पुन्हा एकदा बघायचीच.

‘पाठवा’ हे बटण तुमच्या हातात नसतं

नवख्यांना याचा पत्ताच नसतो. नासाच्या एनस्पायर्स प्रणालीत प्रस्ताव संशोधक तयार करतो, पण पाठवतो तो संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी. त्या व्यक्तीच्या टेबलावर त्याच दिवशी आणखी दहा प्रस्ताव असू शकतात, ती रजेवर असू शकते, आणि संस्थेची अंतर्गत मुदत कित्येक दिवस आधीची असते. शिवाय प्रत्येक सहसंशोधकाला स्वतः लॉगिन करून आपला सहभाग कबूल करावा लागतो, दुसऱ्याने त्याच्या वतीने खूण करून चालत नाही. तो सहसंशोधक नेमका समुद्रावर किंवा मोहिमेच्या तळावर इंटरनेटशिवाय असला, की शेवटच्या संध्याकाळी सगळा चमू डोक्याला हात लावून बसतो. उपाय सरळ आहे. ही कबुली प्रस्तावाचा मजकूर तयार होण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात उरकून घ्यायची. प्रस्ताव कच्चा असला तरी ती घेता येते.

दोन टप्प्यांचे कार्यक्रम असतील तर पहिला टप्पा ‘नुसती नोंदणी’ म्हणून सोडू नका. तो चुकला की दुसऱ्याचं दार बंद.

पात्रतेची ओळ

फेलोशिपच्या घोषणेत पीएचडीनंतरची वर्षं मोजलेली असतात. ती पदवीदान समारंभापासून मोजायची की प्रबंधाच्या तोंडी परीक्षेपासून, हे प्रत्येक संस्था वेगळं ठरवते. मेरी क्युरीमध्ये आणखी एक अट आहे आणि ती भल्याभल्यांना नडते. ज्या देशात जायचं, तिथे मुदतीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांहून जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावेत. म्हणजे आवडत्या प्रयोगशाळेत आधीच वर्षभर पाहुणे संशोधक म्हणून रुळलात, तर तीच जागा या फेलोशिपसाठी बंद होऊ शकते. भेट ठरवण्याआधी हे गणित करायचं.

नमनाला घडाभर तेल

रोझेसच्या बहुतेक प्रस्तावांत विज्ञानाच्या मुख्य भागाला १५ पानं मिळतात. त्यातली सहा ‘सूर्यमालेची उत्पत्ती हे मानवजातीपुढचं मोठं कोडं आहे’ यात घालवणारे प्रस्ताव आजही येतात. परीक्षक त्याच क्षेत्रातले असतात, त्यांना कोडं ठाऊक आहे. त्यांना हवं असतं ते हे: कोणता डेटा, कोणती पद्धत, कोणता निकाल आला तर गृहीतक खोटं ठरेल, आणि कोण किती महिने काम करणार. माझ्या मते तिसऱ्या पानाच्या अखेरीस पद्धत सुरू झाली नसेल तर मजकूर कापायला घ्यावा.

नामवंतांची स्तुतिपत्रं जोडू नका. ‘हा प्रकल्प फार मोलाचा आहे’ अशी पत्रं नासाला नको असतात. ‘आमच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर इतके दिवस देऊ’ असं साधनांची हमी देणारं पत्र मात्र चालतं, बरेचदा लागतंच.

आता बरंच परीक्षण दोन्ही बाजूंनी अनामिक असतं. हबल दुर्बिणीने २०१८ मध्ये ही पद्धत आणली, पुढे जेम्स वेबने आणि नासाच्या अनेक कार्यक्रमांनी ती उचलली. इथे नाव झाकलं म्हणजे झालं, अशी समजूत घात करते. ‘आमच्या आधीच्या कामात [१२] दाखवल्याप्रमाणे’ हे वाक्य लिहिलं की बारावा संदर्भ उघडून परीक्षकाला तुमचं नाव कळतं. ‘संदर्भ [१२] मध्ये दाखवलं आहे’ एवढंच लिहायचं. फाइलच्या नावात आडनाव, पीडीएफच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव, आकृतीच्या कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह हेही तपासायचं. ‘अप्रकाशित डेटा आमच्याकडेच आहे’ असल्या फुशारकीतूनही ओळख फुटते.

दुर्बिणीला ग्रह दिसतो का, हे आधी बघा

जेम्स वेबला कुठेही बघता येत नाही. सूर्यापासून सुमारे ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातलंच आकाश तिच्या आवाक्यात असतं, नाहीतर तिच्या आरशांवर आणि उपकरणांवर ऊन पडेल. परिणाम सरळ आहे. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे आणि बुध २८ अंशांपलीकडे जातच नाही, म्हणून हे दोन ग्रह वेबला कधीच दिसणार नाहीत. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून यांना वर्षातून साधारण ५०-५० दिवसांच्या दोन खिडक्या मिळतात. मंगळाची संधी तर सुमारे २६ महिन्यांच्या चक्रात येते. एखाद्या निरीक्षण-चक्रात मंगळ अजिबात नसेल, तर कितीही सुंदर प्रस्ताव लिहिला तरी उपयोग शून्य. आणखी गंमत म्हणजे मंगळ आणि गुरू सर्वांत जवळ आणि सर्वांत तेजस्वी असतात ते प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध दिशेला असताना, आणि नेमके तेव्हा ते वेबच्या पट्ट्याबाहेर असतात. जमिनीवरच्या दुर्बिणींची सवय असलेले हमखास इथे फसतात.

दुसरा सापळा जागेचा. वेब पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. नेपच्यूनसाठी याने काही बिघडत नाही. पण दीड कोटी किलोमीटरवरून जाणारा लघुग्रह पृथ्वीवरून आणि वेबवरून पाहिला तर त्याच्या जागेत पाच-सहा अंशांचा फरक पडू शकतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या दहापटींहून जास्त. ग्रह-लघुग्रहांच्या जागा काढून देणाऱ्या, नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स प्रणालीत निरीक्षकाची जागा आपोआप पृथ्वीकेंद्र धरली जाते. ती बदलून वेबची करावी लागते, तिथे वेबचा क्रमांक उणे १७० आहे. हा एक रकाना न बदलल्यामुळे ‘लक्ष्य दृष्टिक्षेत्रात नाही’ असा दोष येतो आणि लोक उगाच कक्षेच्या गणितात चुका शोधत बसतात.

अचानक येणाऱ्या पाहुण्यांसाठीची तयारी मुळातच वेगळी. सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला ज्ञात पाहुणा ओउमुआमुआ १९ ऑक्टोबर २०१७ ला सापडला तेव्हा तो सूर्याजवळून जाऊन महिना उलटून गेला होता, आणि जानेवारी २०१८ च्या सुरुवातीला तो हबललाही दिसेनासा झाला. तिसरा आंतरतारकीय पाहुणा ३आय/अॅटलस १ जुलै २०२५ ला सापडला, सूर्याजवळ पोचला ऑक्टोबरच्या अखेरीस. अशा वेळी कोऱ्या कागदापासून सुरुवात करणं म्हणजे वरातीमागून घोडं. ‘असं काही सापडलं तर हे निरीक्षण करू’ असा प्रस्ताव आधीच मंजूर करून घ्यायची सोय बहुतेक मोठ्या दुर्बिणींवर असते. संचालकांच्या राखीव वेळेसाठी अर्जाचा मसुदाही तयार ठेवता येतो, नंतर फक्त कक्षा आणि तेजस्वितेचे आकडे भरायचे.

अपोफिस लघुग्रह मात्र तारीख सांगून येतोय. १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. त्या रात्रीचा वेळ ज्या चक्रांत वाटला जाईल, त्यांच्या मुदती त्याआधी कितीतरी महिने संपलेल्या असतील.

मोहिमेच्या तारखेला पीएचडी टांगू नका

मोहिमेची बातमी वाचून संशोधनाचं वेळापत्रक ठरवणं ही या क्षेत्रातली खास चूक. सायकी यान २०२२ मध्ये निघणार होतं, निघालं १३ ऑक्टोबर २०२३ ला. लघुग्रहाशी त्याची भेट २०२६ वरून २०२९ वर गेली. बेपीकोलंबो बुधाच्या कक्षेत डिसेंबर २०२५ मध्ये शिरायचं होतं, पण विद्युत प्रणोदन यंत्रणेला पुरेशी वीज मिळेना, म्हणून ते नोव्हेंबर २०२६ वर ढकललं गेलं. युरोपच्या रोझलिंड फ्रँकलिन मंगळयानाचं उड्डाण २०२२ वरून २०२८ वर गेलं. चार वर्षांच्या फेलोशिपमधल्या माणसाला यातला कुठलाही विलंब परवडणारा नाही.

त्यातही यान पोचलं म्हणजे डेटा आला असं नसतं. उपकरणांची तपासणी, अंशांकन (कॅलिब्रेशन), आणि मग मोहिमेच्या चमूसाठी राखीव काळ, जो साधारण सहा महिने ते वर्षभराचा असतो. त्यानंतर तो सार्वजनिक संग्रहात येतो. म्हणून प्रबंधाची दोन-तृतीयांश प्रकरणं आधीच संग्रहात असलेल्या डेटावर उभी करावीत आणि नव्या मोहिमेला एखादं प्रकरण द्यावं. नासाचा पीडीएस, युरोपीय अवकाश संस्थेचा (ईएसए) पीएसए, इस्रोचा प्रदान या संग्रहांत कॅसिनी, रोझेटा, चांद्रयान-२ या मोहिमांचा इतका डेटा पडून आहे की आपल्या प्रश्नाजोगतं काहीतरी तिथे सापडतंच. ‘जुना डेटा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मला कीव येते.

नमुने मागताना

बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम माती आली, र्‍युगू लघुग्रहावरून २०२० मध्ये ५.४ ग्रॅम. बेन्नूचा किमान ७० टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवायचा निर्णय आहे. अपोलो १७ ने १९७२ मध्ये निर्वात नळीत बंद करून आणलेला एक नमुना तर २०२२ मध्ये उघडला गेला. नमुने सांभाळणारे लोक किती हात आखडून देतात ते यावरून लक्षात येईल. त्यांचं बरोबरच आहे.

तिथे ‘एक ग्रॅम द्या, काय सापडतं बघू’ असा अर्ज टिकत नाही. किती मिलिग्रॅम, कोणत्या क्रमांकाच्या नमुन्यातून, किती भाग नष्ट होणार, उरलेला केव्हा परत करणार, आणि हेच मापन कमी मोलाच्या पदार्थावर आधी यशस्वी केलंय का, हे लिहावं लागतं. नमुना उसना असतो, बक्षीस नव्हे. म्हणून पहिलाच अर्ज बेन्नूसाठी करू नका. अमेरिकेची मोहीम १९७६ पासून अंटार्क्टिकात गोळा करत असलेल्या अशनींचे तुकडे संशोधकांना अभ्यासासाठी मिळतात. त्यावर तंत्र बसवा, निबंध छापा, मग मोठं दार ठोठवा.

परिषदा आणि परीक्षकाची खुर्ची

एलपीएससीच्या सारांशाला दोन पानं मिळतात. त्यात ‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ असं लिहिणं म्हणजे स्वतःच फुली मारून घेणं. हातात निकाल नसेल तर त्या वर्षी प्राथमिक आलेख तरी द्या किंवा पुढच्या वर्षी जा. प्रवासखर्चाच्या मदतीची मुदत सारांश स्वीकारला गेल्याचं कळण्याच्या आधीच संपू शकते, तिकडे लक्ष ठेवा. व्हिसाच्या निमंत्रणपत्रासाठीही स्वीकृतीची वाट पाहत बसू नका, आयोजकांना आधीच विचारा.

बहुतेक नवखे जिकडे ढुंकूनही बघत नाहीत अशी एक संधी म्हणजे परीक्षक मंडळावर बसणं. नासा त्यासाठी स्वयंसेवकांची नावं घेते, कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्यांचीही. दोन दिवस त्या खोलीत बसलं की कळतं, चांगल्या कल्पनेचा प्रस्ताव ‘हे काम तीन वर्षांत होईल कसं ते दिसत नाही’ या एका वाक्यावर कसा आपटतो. फक्त गोपनीयता कसोशीने पाळायची. कुणाचाही प्रस्ताव सारांशासाठी एआय साधनात टाकणं हा त्या विश्वासाचा सरळ भंग आहे.

आणि तुमचा प्रस्ताव फेटाळला गेला तर अभिप्राय रागाच्या भरात एकदा वाचून बाजूला टाकू नका. आठवड्याने पुन्हा उघडा. त्यात बलस्थानं आणि कमतरता ठळक आणि किरकोळ अशा वेगळ्या दिलेल्या असतात. किरकोळ कमतरतांवर वेळ घालवू नका, बहुधा ठळक कमतरतांपैकी एक-दोनच निकाल ठरवतात. काही खुलासा हवा असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्याला लिहा. मुदतच नसलेल्या, म्हणजे केव्हाही अर्ज घेणाऱ्या कार्यक्रमांत फेटाळलेला प्रस्ताव वर्षभर पुन्हा पाठवता येत नाही, तेव्हा त्या काळात परीक्षकांनी ज्यावर बोट ठेवलं ती चाचणी करून तिचा आलेख नव्या प्रस्तावात घाला.